डोक्याएवढा घास

आमच्या घरामागच्या आडात कासव होतं. त्याला आम्ही अकरा वर्षं भात घातला.

आड म्हणजे लहान तोंडाची विहीर. चार घरांत मिळून एक मोकळी जागा आणि तिच्या कोपऱ्यात हा आड. नळ आल्यापासून त्याचं पाणी कुणी पीत नव्हतं. धुणीभांडी, चार झाडं, आणि उन्हाळ्यात नळाची पाळी लांबली की अंघोळी, एवढ्यालाच ते लागायचं. एकदा गाळ काढायला आलेल्या माणसांनी जाताजाता आडात कासव सोडलं. बशीएवढं होतं. "किडं-बिडं खातंय, पाणी साफ ठेवतंय," असं ते म्हणाले. चारांतली तीन घरं ते कासव विसरून गेली. अव्वा विसरली नाही.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. कासवाला ती 'आमी' म्हणायची. तिच्या गावाकडं कासवाला तेच म्हणतात. सकाळी पातेल्यातला उरलेला भात घेऊन निघाली की म्हणायची, "आमी जेवली न्हाई अजून." शेजारीण हसून विचारायची, "तुमी जेवला का न्हाय ते तुमालाच म्हाईत न्हाय व्हय?" हा विनोद अकरा वर्षं चालला आणि दोघींनाही तो कधी शिळा वाटला नाही.

घरात कुणीही आलं, अगदी गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असला तरी, अव्वाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. तोच प्रश्न ती आडात वाकून विचारायची. मग पाण्यात अंगठ्याएवढं करडं डोकं वर यायचं. पुढं निमुळतं नाक, त्याला दोन भोकं. भात पाण्यावर पसरायचा, त्यातला थोडा खाली बुडायचा, आणि डोकं नाहीसं व्हायचं. अव्वा म्हणायची, "खाल्लं."

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापूरच्या नव्या पेठेत कापडाच्या दुकानात सगळी हयात काढली. मालक म्हणून नव्हे, गिऱ्हाइकापुढं ठाण उलगडून दाखवणारा माणूस म्हणून. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, गळ्यात सदऱ्याच्या आत इष्टलिंग. आमचं घर पूर्ण शाकाहारी. अप्पांना रस्त्यात खाटकाचं दुकान दिसलं तर ते फुटपाथ बदलायचे. कुणाचा राग म्हणून नाही, त्यांना खरंच मळमळायचं. मी एकुलती एक. लग्न केलं नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि आईवडिलांजवळच राहते.

अव्वा आजारी पडायच्या तीन वर्षं आधी एका शेजाऱ्याचं मांजर आडात पडून मेलं. चारी घरांनी मिळून आडाला लोखंडी जाळी बसवली. कचरा पडू नये म्हणून तिच्यावर बारीक प्लॅस्टिकची जाळी ताणली. कोपऱ्यात भात टाकायला अव्वानं हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी ठेवायला लावली. सगळ्यांना वाटलं, फार चांगलं काम झालं. त्या दिवसापासून आडात बेडूक उतरेनात, पाकोळ्या पडेनात, पावसाळ्यात वळवळणारी काळी पिल्लं दिसेनात, हे मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. फक्त त्याचा अर्थ लावला नाही.

दसऱ्यानंतर अव्वाला घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग मऊ खिचडीसुद्धा. ती पाण्याचा घोट घ्यायची, छातीवर हात ठेवायची, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की हसायची. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ निघाली. पंचवीस वेळा 'लाईट', म्हणजे रेडिएशन, दिली. त्यानं गाठ थोडी आकसली, पण गिळणं आणखी अवघड झालं. शेवटी पोटाला भोक पाडून नळी बसवली. आम्ही डाळीचं पाणी, दूध, नाचणीची पातळ पेज, डब्यातली प्रोटीनची पावडर मोठ्या सिरिंजमधून तिच्यात सोडायचो. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी अंड्याचा पांढरा भाग द्या म्हणून सुचवलं होतं. अप्पा काही बोलायच्या आतच अव्वानं मान हलवली. बाईंनीही पुन्हा आग्रह धरला नाही.

आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला जेवलास का विचारणाऱ्या बाईचं जेवण आता दर तीन तासांनी, घड्याळ लावून, दोनशे मिली असं व्हायचं. चव नाही, वास नाही. पहिल्या दिवशी सिरिंज रिकामी झाल्यावर तिनं मला विचारलं, "झालं? मी जेवले?" मी हो म्हटलं आणि भांडं धुवायला मोरीत गेले.

तिची खाट मागच्या खोलीत, खिडकीशी होती. खिडकीतून आड दिसायचा. भात टाकायचं काम माझ्याकडं आलं. अव्वा खाटेवरून विचारायची, "आली का वर?" मी न बघताच हो म्हणायचे, कारण शाळेला उशीर व्हायचा. एक दिवस मात्र खरंच वाकून पाहिलं. आदल्या दिवसाचा भात फुगून पाण्यावर तसाच तरंगत होता. दुसऱ्या दिवशी डोकं वर आलं, पण त्याला डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी भिजवलेल्या हरभऱ्यासारखे दोन फुगे होते.

मी मोबाइलवर फोटो काढून माझ्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना पाठवला. सर आता निवृत्त आहेत. रविवारी सकाळी ते आले. जाळी बाजूला केली आणि दोराला बादली बांधून त्यांनी ती हळूच कासवाच्या खाली सरकवली. आंधळं झालेलं कासव विरोध न करता वर आलं. अकरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच पूर्ण पाहत होते. बशीएवढं आलेलं ते फार तर जेवणाच्या ताटलीएवढं झालं होतं. पाठ शेवाळी रंगाची, गुळगुळीत. सरांनी त्याची पाठ अंगठ्यानं दाबली. म्हणाले, "याची कड मऊ असतेच. पण हे मधलं हाड दाबलं जातंय, बघ."

"काय घालता याला?" त्यांनी विचारलं.

"भात," मी म्हटलं. "कधी पालक. चतकोर भाकरी."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "तू माझ्याच वर्गात होतीस ना?"

मग त्यांनी सांगितलं. हे आपल्याकडचं तळ्या-विहिरींतलं कासव. गोगलगायी, बेडकांची पिल्लं, बारके मासे, खेकडे, गांडुळं, पाण्यात पडलेले किडे, मेलेला एखादा प्राणी, हे त्याचं खरं जेवण. पाणवनस्पतीही खातं, पडलेलं फळही खातं. पण नुसत्या पाल्यावर आणि भातावर त्याचं भागत नाही. भातानं पोट भरतं, हाड बनत नाही. जाळी नव्हती तोवर त्याला आडातच काही ना काही मिळत होतं. तीन वर्षं ते तुमच्या ताटातल्या उरलेल्यावरच आहे. जाळीवरच्या प्लॅस्टिकनं ऊनही अडवलं. डोळे सुजले ते उपासमारीनं.

"उपासमार कशी?" अप्पा दारातून म्हणाले. "रोज घालतोय की. एक दिवस चुकला न्हाय."

"रोज घालताय, अप्पा. पण त्याला लागतं ते नाही घालत."

"देवाचं कासव हाय ते. महादेवाच्या देवळात असतंय की. ते मांस कसं खाईल?"

"ते दगडाचं असतं," सर अगदी हळू म्हणाले.

अप्पा आत निघून गेले.

सरांनी तुळशीशेजारच्या कुंडीतली माती उकरून एक गांडूळ काढलं आणि फरशीवर ठेवलेल्या कासवाच्या तोंडाशी धरलं. डोळे मिटलेल्या त्या प्राण्याची मान एकदम वीतभर लांब झाली आणि त्यानं गांडूळ पकडलं. पण गिळेना. तोंडात धरून नुसतं जबडा हलवत राहिलं. "याला कोरड्यावर गिळता येत नाही," सर म्हणाले. "पाणी लागतं. पाण्याबरोबर घास आत ओढून घेतं." त्यांनी त्याला पाण्याच्या टबात ठेवलं. गळा एकदा फुगला, आणि गांडूळ दिसेनासं झालं.

मागं खिडकीत अव्वा उशीवर कोपर टेकून बघत होती. गाठीनं आवाज बसला होता तिचा. पण मला ऐकू आलं.

"तिला गिळायला पाणी तरी पुरतंय."

कासव परत आडात सोडून सर निघताना दोन गोष्टी नीट समजावून गेले. पहिली, हा रानातला जीव आहे, असा पाळता येत नाही. डोळे उघडले, अंगात ताकद आली की वनखात्याला कळवायचं, ते तलावात सोडतील. दुसरी, खायला घालायची रीत. बारके मासे काट्यासकट द्यायचे. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. एका वेळी त्याच्या डोक्याएवढाच घास, जास्त नाही. उरलं तर लगेच छोट्या जाळीनं काढून घ्यायचं, नाही तर पाणी नासेल. "भात घालून जितकं वाईट झालं, तितकंच नासक्या पाण्यानं होईल," असं त्यांचं शेवटचं वाक्य होतं. मी ते वहीत लिहून घेतलं. शिक्षकाची सवय.

आठवडाभर घरात मासा हा शब्द कुणी काढला नाही. मी कुंडीतली गांडुळं शोधत राहिले. तीन दिवसांत ती संपली. आठव्या दिवशी सकाळी अप्पा अव्वाच्या नळीतून पेज सोडत होते. ते काम आता त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. ठाणाची घडी घालावी तसे सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवून करायचे. अव्वानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"अवो. आमीला मासे आणा."

अप्पांनी सिरिंज खाली केली नाही. "काय बोलतीस तू?"

"मी मला मागत न्हाई. मला नको. तिला देवानं तसंच केलंय, तिचं ते तिला द्यायला पायजे." एवढं बोलून तिला दम लागला. थोड्या वेळानं म्हणाली, "उपाशी राहनं लई वाईट असतंय."

अप्पा पेज सोडत राहिले. सिरिंजमधली पेज संपली, त्यांनी नळीत पाणी सोडलं, टोपण लावलं, भांडं उचललं आणि बाहेर आले. मी चहा गाळत होते. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "मासळी बाजार किती वाजता भरतोय?"

मी म्हटलं, "मी आणते, अप्पा."

"तिनं मला सांगितलंय."

संक्रांत चार दिवसांवर होती. ते एकटेच गेले. तिथं काय झालं ते त्यांनी पुढं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. ते बराच वेळ बाजाराबाहेर उभे होते. नाकाला रुमाल लावला तर समोरच्यांचा अपमान होईल, म्हणून रुमाल खिशातच ठेवला. शेवटी एका म्हाताऱ्या मासेवालीनं हाक मारली, "ओ मामा, काय पायजे? मगापास्नं बघतीया."

"बारके मासे."

"तळाया का कालवणाला?"

"कासवाला."

ती बाई हसली नाही, असं अप्पा सांगायचे. उलट तिनं विचारलं की कासव केवढं आहे. अप्पांनी दोन हातांनी दाखवलं. तिनं बोटाएवढे मासे निवडून वेगळे केले, मोठ्यांचे काटे त्याच्या घशाला लागतील म्हणून. आमच्या घरातल्या कुणालाही सुचलं नसतं ते. अप्पांनी मासे दुकानाच्या जुन्या कापडी पिशवीत घातले होते आणि दुकानाचं नाव दिसू नये म्हणून पिशवी उलटी केली होती. घरात न येता ते मागच्या बोळातून थेट आडाकडं आले. तीनदा साबण लावून हात धुतले, आणि मग परसातल्या कट्ट्यावर बसून राहिले.

पहिल्या दिवशी कासवानं काही खाल्लं नाही. डोळे मिटलेले, मासा कुठं आहे ते त्याला कळेना. दुसऱ्यांदा अप्पांनी स्वतःच युक्ती काढली. मासा दोऱ्याला बांधून त्यांनी तो पाण्यात सोडला आणि अगदी हळूहळू त्याच्या नाकासमोर हलवला. कासवाची मान पुढं सुटली. मासा तोंडात आडवा धरून कासवानं पुढच्या पायांच्या नखांनी तो ओरबाडला, तुकडा तोडला, गळा फुगवून आत घेतला. मग दुसरा तुकडा. पाण्यात खवले चमकत खाली गेले. खात असलेलं ते कासव आजवर पाहिलेल्या कासवापेक्षा वेगळंच होतं. भात टाकायचो तेव्हा ते नुसतं तोंड लावायचं. हे मात्र जेवण होतं.

"तिला दाखवायला पायजे," अप्पा म्हणाले.

आम्ही अव्वाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची दोन्हीकडून धरून आडापर्यंत नेली. ती फारच हलकी झाली होती. जाळी बाजूला सारलेली होती आणि दुपारच्या बाराचं ऊन पाण्यात पडलं होतं. अप्पांनी दोरा सोडला. अव्वा कठड्यावर हनुवटी ठेवून बघत होती. कासवानं मासा पकडला तेव्हा तिचेही ओठ हलले. गिळताना तिचाही गळा हलला. मला ते बघवलं नाही आणि नजरही हलवता आली नाही.

"बरं लागत आसंल," ती म्हणाली.

महिन्याभरात कासवाचा एक डोळा उघडला. पिवळसर, बारीक, अगदी सावध. मी सरांना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, दुसरा उघडला की कळव, मी वनखात्याशी बोलतो. मी हो म्हटलं.

होळीच्या आदल्या आठवड्यात अव्वा गेली. सकाळी नऊच्या सुमाराला. अप्पांनी सकाळची पेज भरून घेतली होती. ती तशीच सिरिंजमध्ये राहिली.

तिला घेऊन गेल्यावर, पाहुणे निघून गेल्यावर, घरात अप्पांच्या वाट्याला काही काम उरलं नाही. दर तीन तासांनी वाजणारा मोबाइलचा गजर त्यांनी बंद केला नव्हता. तो वाजायचा, ते उठायचे, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी एकदा गजर काढून टाकायला मोबाइल मागितला. त्यांनी दिला नाही.

मग ते रोज बाजारात जायला लागले. आठवड्यातून दोनदाऐवजी रोज. आधी चार मासे, मग मूठभर, मग पिशवीभर. आता पिशवी उलटी करायचेही विसरायचे. दोरा बांधायचं सोडलं, वरूनच ओतायचे. मी एकदा म्हटलं, "अप्पा, सर काय म्हणाले होते? डोक्याएवढंच."

ते माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे भरलेले होते. "तुझी आई उपाशी गेली गं," ते म्हणाले. "शेवटचं तीन म्हैनं एक घास न्हाय गेला तिच्या तोंडात. आता हिला तरी पोटभर खाऊ दे की."

मी पुन्हा विषय काढला नाही.

शाळेत परीक्षा सुरू झाल्या होत्या. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी यायचे. एप्रिल संपता संपता सोलापूरचं ऊन असं चढलं की दुपारी फरशीवर पाय ठेवता येईना. आडाचं पाणी खाली खाली गेलं, शेवटी कमरेएवढं राहिलं. त्याच्यावर तेलकट साय आली. खिडकीतून वास यायला लागला. आधी थोडा, मग असा की मी ती खिडकीच बंद करून टाकली. जाळी टाकून मासे काढायला पाहिजेत, पाणी उपसायला पाहिजे, सरांना फोन करायला पाहिजे, हे मला ठाऊक होतं. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण सकाळी पिशवी घेऊन निघालेले अप्पा ताठ चालायचे. दिवसभरात तेवढाच वेळ ते ताठ चालायचे. ते थांबवायचं म्हणजे काय होईल, याची मला भीती वाटत होती. आठ दिवस तो वास घेऊन मी गप्प राहिले.

मे महिन्यात एका सकाळी अप्पांनी मला हाक मारली. कासव पाण्यावर तरंगत होतं, मान लांब सुटलेली. बादलीनं वर घेतलं. पोटाच्या बाजूला, पायांच्या मुळाशी कातडी लाल होऊन सोललेली होती. दुसरा डोळा कधी उघडला होता कुणास ठाऊक. दोन्ही डोळे उघडे होते.

अप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. परसातल्या कढीलिंबाच्या बाजूला त्यांनी स्वतः खड्डा केला. सत्तरी ओलांडलेला माणूस, मे महिन्याचं ऊन, दगडासारखी जमीन. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही, खड्ड्यातल्या मातीवर ओतलं. पुरून झाल्यावर हातातलं खोरं खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "माझ्यामुळं मेली का गं?"

"नाही," मी म्हटलं. "वय झालं होतं तिचं. आधीच अशक्त होती."

अप्पांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले नाहीत. मोबाइलचा गजरही त्याच आठवड्यात बंद झाला. कुणी बंद केला ते मी विचारलं नाही.

सरांना मी पंधरा दिवसांनी कळवलं. त्यांनी एकच विचारलं, पाणी बदललं होतं का? मी खरं ते सांगितलं. सर म्हणाले, "मीही यायला हवं होतं एकदा." त्यांचा तो चांगुलपणा मला रागावण्यापेक्षा जड गेला.

वर्ष गेलं. पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी मी चिंचा निवडत बसले होते. मीठ लावून बरणीत भरायच्या होत्या. अप्पा समोर बसून चिंचोके काढत होते. एकदम म्हणाले, "कासवाचं वय कुटं झालं होतं? कासव शंभर वर्सं जगतंय म्हनत्यात."

"एवढं नाही जगत हे."

"पर अकरा वर्सांत म्हातारं होत न्हाय." हातातला चिंचोका त्यांनी वाटीत टाकला. "तू खोटं बोललीस की."

मी हातातली चिंच खाली ठेवली. वर्षभर हा प्रश्न येईल म्हणून तयारी केली होती, ती सोडून दिली. मी सगळं सांगितलं. मासे जास्त झाले, उरलेले कुजले, पाणी कमी होतं, त्यात तिची कातडी सडली. आणि हेही सांगितलं की मला ते कळत होतं. आठ दिवस आधीपासून वास येत होता. म्हणून तर खिडकी बंद केली.

"तुला म्हाईत होतं?"

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही तेवढं एकच करत होता, अप्पा."

ते उठले. चपला घातल्या आणि बाहेर गेले. अंधार पडायच्या आत परत आले, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ताट वाढलं की जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडलेही नव्हते, त्यामुळं हे गप्प राहणं कसं सोसायचं ते मला कळेना. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आडाजवळ दोन माणसं मोटार लावून पाणी उपसत होती. अप्पा कठड्याशी उभे राहून त्यांना सांगत होते, गाळ पूर्ण काढा, तळापर्यंत. जाळीवरचं प्लॅस्टिक त्यांनी कापून बाजूला टाकलं होतं.

मी दप्तर ठेवून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. आतून काळा, बुळबुळीत गाळ बादलीनं वर येत होता. त्यात काट्यांचे पांढरे तुकडे दिसत होते, खूप.

अप्पा ते तुकडे बघत होते. म्हणाले, "तू सांगितलं असतंस, तरी मी ऐकलं नसतं त्या टायमाला."

मग थोड्या वेळानं, "पर सांगायला पायजे होतंस."

"हो," मी म्हटलं.

आम्ही दोघं गाळ निघेपर्यंत तिथंच उभे होतो.